माझ्या पिठात गहू नको

लग्नाच्या पंगतीत माझ्या पानावर कुणी जिलेबी वाढायला आलं की मी हात आडवा धरते. वाढणारी पोरं हसतात, आजीबाईंना साखर झालीय वाटतं, असं आपापसात म्हणतात. मला साखर झालेली नाही. गुळाचा खडा मी अजूनही दाताखाली फोडते. मला गहू चालत नाही. चपाती, पुरी, शिरा, शेवया, पाव, बिस्कीट यांतलं काहीच नाही. आता डॉक्टरांकडे या दुखण्याला नाव आहे. गव्हात ग्लूटेन म्हणून एक चिकट द्रव्य असतं आणि काही माणसांच्या आतड्यांना ते सोसत नाही, असं ते समजावून सांगतात. मी लहान होते तेव्हा कोल्हापुरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा याला पोरीची थेरं म्हणायचे.

मला कुणी बिचारी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी गव्हाशिवाय वाढले, लग्न केलं, तीन पोरं जन्माला घातली आणि जेवणात कुणाला हार गेले नाही. तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा आणि बाजूला हिरव्या मिरचीचा खरडा. पहिला पावसाळी गारठा पडला की नाचणीची आंबील. रविवारी मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि भात. नागपंचमीला तांदळाच्या उकडीचे कानवले, होळीला वाटीभर पुरण आणि त्यात बुडेल एवढं तूप. पोळीच्या आत जे असतं ते मी खाते, बाहेरचं तुम्ही खा. यात बिचारं काय आहे ते मला कुणीतरी सांगावं.

पण हे असं ताठ मानेनं जेवणं मला कुणी आणून दिलेलं नाही. ते मी भांडून मिळवलंय, आणि सगळ्यात मोठं भांडण ज्या माणसाशी झालं ती माझी आई होती.

आमचे वडील हायस्कुलात मास्तर होते. मूळचं घर गडमुडशिंगीचं, शेतकऱ्याचं. घराण्यात पहिल्यांदा शिकले ते वडील. बोर्डिंगात राहिले, मॅट्रिक झाले, पुढे पदवी घेतली आणि मंगळवार पेठेत भाड्याचं घर केलं. धोतर इस्त्रीचं, टोपी इस्त्रीची आणि दोन्ही वेळेला चपाती. या तिन्ही गोष्टींवर त्यांचा सारखाच जीव होता. गावाकडं त्यांचे थोरले भाऊ भाकरी खात होते आणि शेत कसत होते. आपण ते मागं टाकून आलो हे वडिलांना रोज जेवताना स्वतःला पटवून द्यावं लागायचं, असं मला आता वाटतं. मटणाबरोबरसुद्धा ते चपाती खायचे. कोल्हापुरात राहून मटणाबरोबर चपाती खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून आजारी असायची. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं आणि हातपाय काटक्या. तोंड कायम आलेलं, दिवसातून पाच-सहा वेळा परसाकडं पळायचं. शाळेत मुली मला बेडकी म्हणायच्या. आईनं दृष्ट काढली, गंडे बांधले, काढे पाजले. शेवटी पेठेतल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पोट दाबून बघितलं आणि आतडी अशक्त आहेत, जड काही देऊ नका, भाकरी तर अजिबात नको, असं सांगितलं. हलकं आणि पौष्टिक द्या म्हणाले. आमच्या भागात हलकं आणि पौष्टिक म्हटलं की एकच धान्य डोळ्यांपुढं येतं, ते म्हणजे खपली गहू. आजाऱ्याला खपली, बाळंतिणीला खपली, म्हाताऱ्याला खपली. साधा गहू कुणाला जड जाईल, पण खपली जड जाते असं म्हणणं म्हणजे कृष्णेचं पाणी बाधतं म्हणण्यासारखं होतं.

तर आई खपली आणायची. पाण्याचा हात लावून उखळात कांडायची, पाखडायची, पुन्हा कांडायची. रात्रभर भिजवून सकाळी चुलीवर ठेवायची आणि गूळ, सुंठ, खोबरं घालून तीन-तीन तास ढवळत बसायची. तिच्या तळहाताला मुसळाचे घट्टे पडले होते. वाटीभर खीर माझ्यापुढं ठेवून ती समोर बसायची आणि मी वाटी चाटूनपुसून संपवली की तिचा चेहरा फुलायचा. मला ती खीर फार आवडायची. हेच त्यातलं वाईट होतं. ती जितकी कांडत होती तितकी मी खंगत होते, आणि मी जितकी खंगत होते तितकी ती जास्त कांडत होती.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आगेमागे धान्याची टंचाई होती. रेशनच्या दुकानात एकदा पाच-सहा महिने गहू आलाच नाही. खपलीही कुठं मिळेना. वडिलांनी नाइलाजानं गावाकडं निरोप धाडला आणि थोरली काकी ज्वारीचं पोतं घेऊन बैलगाडीतून आली. ही वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. उंच, काळीसावळी, बोलणं असं की रस्त्याच्या पलीकडं ऐकू जावं. आमच्या घरात भाकऱ्या बडवल्या जाऊ लागल्या. वडील तोंड वाकडं करून खायचे. घरातली सगळी माणसं त्या दिवसांत उतरली आणि मी एकटी बाळसं धरल्यासारखी भरत गेले. पोट बसलं. गालावर मांस आलं. परकराची नाडी पहिल्यांदा कमरेवर टिकली. आईनं नृसिंहवाडीच्या दत्ताला नवस बोलला होता, त्यामुळे गुण आला अशी तिची खात्री झाली.

मग गहू परत आला. वडिलांनी दुकानातून आणलेली पिशवी स्वतः दळून आणली, आईनं चपात्या केल्या आणि आठ दिवसांत मी पुन्हा पहिल्यासारखी आजारी पडले. त्या आठवड्यात काकी दूध घेऊन आली होती. तिनं मला बघितलं, मी काय खाल्लं ते विचारलं आणि ओसरीवरूनच बोलली.

"पोरीला गहू सोसत न्हाय. एवढं बी दिसंना व्हय तुमास्नी?"

वडील हसले. आजाऱ्याला देतात ते धान्य आजारी कसं पाडेल, असं त्यांनी तिला शाळेतल्या आवाजात समजावलं. काकीला शाळेतल्या आवाजाची भीती नव्हती. एखाद्या चाऱ्यानं म्हैस फुगली तर तो चारा आपण तिला दुसऱ्यांदा टाकत नाही, मग पोरीला का टाकता, एवढंच तिनं विचारलं. वडिलांनी म्हैस आणि माणूस यांतला फरक सांगायला सुरुवात केली तेव्हा ती चप्पल घालून निघून गेली होती.

पण मी ते ऐकलं होतं. मी बारा वर्षांची होते आणि आपल्याला नक्की काय होतंय याबद्दल कुणीतरी पहिल्यांदा पटण्यासारखं बोललं होतं. दुसऱ्या दिवशी आईनं खिरीची वाटी पुढं ठेवली तेव्हा मी ती सरकवून दिली. वडील म्हणाले, हे खाल्ल्याशिवाय दुसरं काही मिळणार नाही. मी म्हटलं, बरं. सकाळी नवाला बसले ती दिवेलागणीपर्यंत त्या वाटीसमोर बसून राहिले. वाटीवर साय धरली, सायीवर माशी बसली, मी हललेसुद्धा नाही. आई दोनदा येऊन रडून गेली. वडिलांनी शाळेतून आल्यावर मला तिथंच बघितलं आणि आत गेले. एवढा हट्ट आपल्यात कुठून आला हे मला ठाऊक नाही, पण त्या दिवशी तो माझ्या कामाला आला.

दोन दिवसांनी काकी येऊन मला गडमुडशिंगीला घेऊन गेली. महिनाभर मी तिथं भाकरी, ताक, शेंगदाण्याची चटणी आणि शेतातली भाजी यांवर राहिले आणि परत आले तेव्हा शेजारणींनी मला ओळखलं नाही. त्यानंतर घरात माझ्यापुरती भाकरी होऊ लागली. मात्र वडिलांची एक अट होती. पाहुणे आले की मी आत चुलीपाशी बसून जेवायचं. मास्तरांची मुलगी भाकरी खाते हे बाहेर कळायला नको होतं.

आईला मात्र माझं बरं होणं हा दत्ताचा प्रसादच वाटत होता, म्हणून ती नवस फेडायला मला नृसिंहवाडीला घेऊन गेली. दर्शन झालं, पंगतीला बसलो आणि पानात प्रसाद म्हणून खपलीची खीर आली. आईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत एवढी आशा होती की आजही आठवलं तरी मला कसंतरी होतं. प्रसादानं कुणाला काही होत नाही, असं ती पुटपुटली. मी पानाला हात लावून नमस्कार केला आणि खीर तिच्या पानात सरकवली.

"देवाला माझं दुखणं ठाऊक असेल तर तो रागावणार नाही," मी म्हटलं. "आणि ठाऊक नसेल तर त्याला नवस बोलून काय उपयोग?"

तिनं भर पंगतीत माझ्या थोबाडीत मारली. मग घाटावर येऊन स्वतःच रडली. मी तिच्याशेजारी बसून कवठाची बर्फी खाल्ली. गाल चुरचुरत होता आणि बर्फी उत्तम होती. परतीच्या वाटेवर तिनं उरलेली बर्फी माझ्याच पिशवीत ठेवली.

सोळाव्या वर्षापर्यंत मी बरी होते, पण पूर्ण नाही. मध्येच कधीतरी पोट बिघडायचं. कारण सापडत नव्हतं. ते काकीच्याच लक्षात आलं. आमची ज्वारी पेठेतल्या गिरणीत दळून यायची, आणि गिरणीवाला आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू काढला की त्याच पाळ्यांत आमची ज्वारी ओतायचा. माझ्या डब्यात पहिल्या दोन-चार मुठी त्याच्या गव्हाच्याच असायच्या. काकीनं तिच्याकडचं अडगळीतलं जातं गाडीत घातलं, टाकीवाल्याकडून त्याचे गुळगुळीत झालेले दगड टाकवून घेतले आणि आमच्या मागच्या पडवीत आणून मांडलं. वडिलांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शहरात येऊन दळणाचं जातं. पहाटे घरघर ऐकून गल्लीतल्या बायका विचारायच्या, मास्तरीणबाई, गिरणी बंद आहे का? मी पडवीतूनच ओरडून सांगायची, गिरणी चालू आहे, मला ती चालत नाही. जात्यावरच्या ओव्या मला येत नव्हत्या, म्हणून मी सतराचा आणि एकोणीसचा पाढा म्हणत दळायची.

ते वर्ष माझं सुखाचं होतं. पोट कधी दुखलं नाही. माझं पीठ माझ्या डब्यात, डबा पडवीत. आईनं भाकरीवर हात बसवला होता, अशी टम्म फुगवायची की पापुद्रा सुटा व्हायचा. मी तांदळाच्या पिठाची धिरडी शिकले, वरईचा भात शिकले, ज्वारीच्या कण्या ताकात शिजवायला शिकले. मॅट्रिक झाले. मग घरात स्थळांचं बोलणं सुरू झालं.

पहिलं स्थळ आलं तेव्हा मुलाच्या आईनं विचारलं, पुरणपोळी येते का. मी म्हटलं, करता येते, खाता येत नाही. का, म्हणून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ती माणसं चहा अर्धा टाकून गेली. दुसऱ्या स्थळाच्या वेळी मला काही विचारलंच नव्हतं, तरी मी सांगितलं. वडील त्या दिवशी खरोखर संतापले. रोगी मुलगी म्हणून गावभर होईल, लग्न होऊ दे, मग हळूहळू सांगता येईल, निदान तोवर तोंड मिटून बस, असं म्हणाले. मी म्हटलं, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला चपाती वाढतील तेव्हा मी काय करू?  आई भिंतीला टेकून ऐकत होती. ती काहीच बोलली नाही. ती माझ्या बाजूची आहे म्हणून गप्प आहे, असा मी अर्थ लावला.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी माझं पोट पुन्हा बिघडलं. आधी थोडं, मग जास्त. तोंड आलं. केस विंचरताना फणीत गुंता यायला लागला. मला काही कळेना. ज्वारी मी स्वतः निवडत होते, स्वतः दळत होते. जात्याला टाकी लावून घेतली, डबा घासला, पाटा वेगळा केला. तरी दिवसेंदिवस मी खालीच जात होते. एकदा तर मला असंही वाटलं की वडील म्हणतात तेच खरं, मी रोगीच आहे आणि गव्हाचा काही संबंध नाही. इतकी वर्षं मी उगीच सगळ्यांशी भांडत आले. त्या विचारानं मी जेवढी घाबरले तेवढी दुखण्यानं कधी घाबरले नव्हते.

तेव्हा मी दुपारी शिवणाच्या वर्गाला जायची. एक दिवस पोटात कळ आली म्हणून अर्ध्यातून परत आले. मागच्या दारानं आत शिरले. आई परातीपुढं बसली होती. माझा डबा उघडा होता, आणि शेजारी घरच्या कणकेचा डबाही उघडा होता. माझ्या पिठावर तिनं एक मूठ कणीक टाकली, बोटांनी फिरवून एकजीव केली आणि मग पाणी घेतलं. तिनं ते इतक्या सवयीनं केलं की हे पहिल्यांदा नाही, हे मला लगेच कळलं.

मी दारातच खाली बसले. तिनं वळून बघितलं. परात लपवायचा तिनं प्रयत्न केला नाही.

"सासरी कोण देणार हाय तुला येगळी भाकरी?" ती म्हणाली. "थोडं थोडं घालून सवय लागावी म्हणून घालत होते. आधी चिमूट, मग मूठ. एकदा अंगवळणी पडलं की कुणाला सांगायचीच गरज न्हाय."

मी तिला काय काय बोलले ते इथं लिहिणार नाही. आईला कुणी बोलू नये असं ते होतं. माझा राग गव्हावर नव्हता. ती मला जेवताना समोर बसून बघायची, मी दुसरी भाकरी मागितली की खूश व्हायची, माझं तोंड आलं तर तूप लावून द्यायची आणि सगळं ठाऊक असून दुसऱ्या दिवशी पुन्हा मूठ घालायची. मला वेड लागायची पाळी आली होती आणि ती बघत होती. तिनं ते मायेनं केलं हे मला त्याही वेळी कळत होतं. त्यामुळे राग कमी झाला नाही, वाढलाच.

मी माझा डबा उचलून माझ्या अंथरुणाशेजारी नेऊन ठेवला. त्या दिवसापासून माझं पीठ मी मळायची, माझी भाकरी मी थापायची, माझा तवा मी घासायची. आईनं हात पुढं केला तर मी परात बाजूला घ्यायची. तिनं वाढलेली भाजीसुद्धा मी आधी हुंगून बघायची. ती हे बघायची. तीन आठवड्यांत मी बरी झाले. घरात दोन बायका एका चुलीवर आपापलं रांधत होत्या आणि मधे एक शब्द नव्हता. वडिलांनी कारण विचारलं नाही. त्यांना ते ठाऊक होतं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

अशात तिसरं स्थळ आलं. मुलगा सांगलीला कचेरीत नोकरीला, घरचं शेत, माणसं मानाची. मुलगा, त्याचे वडील आणि त्यांच्या घरात जिचा शब्द चालायचा ती आत्या, अशी तिघं आली. वडिलांनी मला आधीच बजावलं होतं, या वेळी एक अक्षर बोलायचं नाही. मी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. खरं सांगते, मी दमले होते. मुलगा मला आवडला होता. तो आत येताना उंबऱ्याशी चप्पल नीट जोडून ठेवत होता, तेवढ्यावरूनच आवडला. मनात आलं, आज नको बोलायला, आज एवढ्यापुरतं जाऊ दे.

प्रश्न झाले. शिवण येतं का, वाचता काय, उंची किती. सगळं सुरळीत चाललं. शेवटी आत्यानं भावाकडं बघितलं, भावानं मान हलवली आणि ती म्हणाली, मुलगी आम्हाला पसंत आहे. वडिलांचा चेहरा मी इतका मोकळा झालेला कधी पाहिला नव्हता. मग आत्यानं रीतीप्रमाणे माझं तोंड गोड करायला समोरच्या बशीतला घास उचलला. बशीत शिरा होता. गव्हाच्या रव्याचा, आईनं सकाळी भाजलेला, वर बेदाणे लावलेले.

घास माझ्या ओठांपाशी आला. मी तोंड मिटलं. ते ठरवून मिटलं नाही, आपोआप मिटलं.

लाजती पोरगी, असं म्हणून आत्या हसली. एवढ्याशा घासानं काय होतंय, घे की, म्हणाली. घास अजून तिथंच होता. वडील माझ्याकडं बघत होते आणि त्यांच्या नजरेत हुकूम नव्हता, विनवणी होती. त्यांनी माझ्यापुढं कधी विनवणी केली नव्हती. मला वाटलं, तोंड उघडावं. एक घास. तीन दिवस अंथरूण धरावं लागेल, लागू दे. पुढचं पुढं. मी ओठ उघडलेही असतील.

तेवढ्यात आतल्या दाराचा पडदा हलला आणि आई बाहेर आली. बैठकीत पुरुष बसलेले असताना ती कधी उंबऱ्याबाहेर आली नव्हती. डोक्यावरचा पदर तिनं दोन्ही हातांनी धरला होता आणि ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"पावणं, एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "पोरगी गहू खात न्हाय. खाल्ला की आजारी पडती. ही थेरं न्हाईत, माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

आत्याचा हात खाली आला. वडील काहीतरी बोलायला लागले. आईनं त्यांच्याकडं बघितलंही नाही.

"तिच्या पिठात मी चोरून गहू घातलाय. महिनाभर. सवय लागंल म्हणून. ती झिजत गेली आणि मी घालतच राहिले." तिनं आत्याकडं बघितलं. "पोटची पोर हाय, तरी तिनं पकडलं तवाच मी थांबले. तुमच्यात कोण थांबणार?"

 आत्यानं घास बशीच्या कडेला ठेवला आणि रुमालाला बोटं पुसली. मुलानं मान वर करून माझ्याकडं एकदा बघितलं आणि परत खाली घातली. कळवतो म्हणून ती माणसं उठली. त्यांनी कधी काही कळवलं नाही.

पाहुण्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून वडील परत आले. बैठकीत उभ्या उभ्या त्यांनी टोपी काढली आणि हातचं स्थळ घालवलंस, असं आईला म्हणाले.

"घालवलं," आई म्हणाली आणि आत गेली.

मी तिथंच बसून राहिले. लुगड्याचा काठ बोटांनी चुरत होते. आतून लाकडं सारल्याचा आवाज आला, मग तवा ठेवल्याचा, मग परातीवर भाकरी थापल्याचा. आईचा हात मला न बघता ओळखू यायचा, दोन थापा हलक्या आणि तिसरी जोरात. डबा माझ्या अंथरुणाशेजारी असायचा. तो तिथं होता की नव्हता, हे बघायला मी उठले नाही.

तिनं हाक मारली तेव्हा मी आत जाऊन पाटावर बसले. तिनं भाकरी ताटात टाकली, वर वांग्याची भाजी वाढली आणि माझ्याकडं न बघता चुलीत फुंकर घालत बसली. मी भाकरी मोडली. पीठ कुठलं, हे विचारलं नाही.